मंदिराची रचना आणि अंबरनाथचा धडा

जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी काही इतिहास लिहून द्यावा, असा आग्रह धरला. मी इतिहाससंशोधक नव्हे. तालुका कचेरीत उतारे लिहिण्यात हयात चालली आहे. परंतु देऊळ नजरेला सुंदर का वाटते, हे मला अंबरनाथच्या शिवमंदिराने जेवढे समजावले तेवढे कोणी समजावले नाही. तेच चार शब्दांत मांडतो.

कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. स्टेशनच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी हे काळ्या दगडाचे मंदिर उभे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ असून शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. काम त्याचा थोरला बंधू छित्तराज याने आरंभले असावे, असे अभ्यासक मानतात. हा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक पडतो, हे कचेरीत बसणाऱ्यास वेगळे सांगायला नको!

या मंदिराच्या रचनेत पहिली गोष्ट समतोलाची. मंडप आणि गर्भगृह असे दोन चौरस कोपऱ्याला कोपरा लावून जोडले आहेत. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंना मुखमंडप आहेत. कोठूनही पाहा, एक बाजू जड आणि दुसरी हलकी, असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. शिखर भूमिज पद्धतीचे. चार दिशांना चार उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये लहान-लहान शिखरांच्या रांगा. वर जावे तशी ही शिखरे लहान होत जातात आणि नजर आपोआप वर चढते. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. तरी उरलेल्या ओळींवरून पाहणाऱ्याचे मन तो पुरा करते. हीच पद्धत सिन्नरच्या गोंदेश्वराला पाहावयास मिळते.

तिसरी गोष्ट उजेड-सावलीची. भिंत कोठेही सपाट नाही. कोनाकोनाने पुढे-मागे होते. तळाच्या आडव्या थरांनी मंदिर जमिनीवर घट्ट बसल्यासारखे वाटते, तर वरच्या उभ्या कोनांनी उंची वाढते. ऊन फिरते तशी सावली फिरते. त्या दगडाला रंगाची गरजच नाही.

चौथी गोष्ट, लक्ष कोठे जावे याची. मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते. उतरताना उजेड कमी होतो, माणूस गप्प होतो आणि नजर पिंडीवर स्थिरावते.

आता आपल्याविषयी. मागच्या दुरुस्तीत आपल्या मंदिराच्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासला गेला. त्या ठरावावर माझीही सही आहे. खांबांवरची नक्षी रंगाखाली बुजली. सर्व एकसारखे चकचकीत झाले आणि नजर ठरेना. चूक कबूल करण्यास ही स्मरणिका योग्य जागा आहे, असे मला वाटते. या वेळी समितीने तो रंग काढून दगड मोकळा केला, गाभाऱ्यात चकचकीत लाद्या बसवू दिल्या नाहीत, आणि पायरीपायरीवर नावे न कोरता सर्व देणगीदारांची नावे बाजूच्या भिंतीवर एकाच फलकावर घेतली. काही मंडळी त्याबद्दल नाराज आहेत, हे मी जाणतो.

त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. मुम्मुणी राजाचे नाव अंबरनाथला दर्शनी भागात नाही. ते उत्तरेच्या दाराशी, आतल्या तुळईवर आहे. तरी साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ ते टिकले. ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिरातही इ. स. १८७९ मध्ये लोकवर्गणीतून मोठे काम झाले. वर्गणी देणारे गेले. सभामंडपात बसणारे अजून येतात.

देणगीचे खरे स्मारक म्हणजे नीट बांधलेले देऊळ. ते आपल्या नातवंडांच्या नजरेला तसेच दिसो, हीच श्रींचरणी प्रार्थना.