शिक्षक-संघटना आणि शाळेचा पैसा

राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा हें नगरपरिषदेचें गांव प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखांत वसलें आहे. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि या बाजूच्या शेतीचें रूप पालटलें. ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. परंतु त्याबरोबर शेतकऱ्यास एक नवी गोष्टही शिकावी लागली. पीक केवळ पाणी किती आहे यावर अवलंबून नसतें. पाटाचें दार कोणाच्या हातीं आहे आणि आपली पाळी कधीं येते, यावरही तें अवलंबून असतें. शाळांच्या पैशासही हाच न्याय लागू पडतो. शिक्षणावर किती खर्च व्हावा, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तो पैसा कोणाच्या हातून शिक्षकापर्यंत पोहोंचतो, याची क्वचितच होते. आमच्या मतें महाराष्ट्रांतील शिक्षक-संघटनांचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व मान्य झालें. पुढें त्या अनुदानास परीक्षेच्या निकालाची अट जोडली गेली. इन्स्पेक्टरानें वर्षांतून एकदां यावें, मुलांची परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उत्तीर्ण होतील त्या मानानें पैसा मिळावा, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेंत शिक्षकाचें लक्ष मुलाच्या बुद्धीपेक्षां इन्स्पेक्टराच्या प्रश्नांकडे लागावें, यांत नवल नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षकास दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गांवीं १५ ते २० रुपये वेतन असावें, अशी मागणी केली. पोट न भरणाऱ्या नोकरीस लायक मनुष्य मिळत नाहीं व टिकत नाहीं. म्हणून शिक्षकाचा पगार हा शेतकऱ्याच्या मुलाचाच प्रश्न आहे, हें त्या मागणीचें मर्म होय. पुढच्या शंभर वर्षांत संघटनांनीं जें जें मागितलें, त्याचें बीज आम्हांस येथें दिसतें.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे सोंपविला. लोकांच्या शाळा लोकांच्या हातीं असाव्या, हें तत्त्व उत्तम होतें. पण शिक्षकाची नेमणूक आणि बदली ज्याच्या हातीं, त्याची मर्जी राखणें हेंही शिक्षकाचें एक काम होऊन बसतें. १९४७ च्या नव्या कायद्यानें या सत्तेस बराच आळा घातला. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या, तेव्हां खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षक एका जिल्ह्यांत एकाच धन्याचे नोकर झाले. विखुरलेल्या एकेका शिक्षकाची तक्रार जिल्ह्याची तक्रार झाली, आणि संघटनेस बळ आलें. तरीही बदलीचें दार कोणाच्या हातीं असावें, हा वाद मिटण्यास फार काळ लागला. त्यासाठीं संगणकीय पद्धतीचें धोरण जाहीर झालें तें २०१७ सालीं.

खासगी माध्यमिक शाळांची कथा याहून कठीण होती. अनुदान सरकारचें, परंतु नेमणूक आणि बडतर्फी संस्थाचालकांची. सही एका रकमेवर आणि हातीं दुसरी रक्कम, ही तक्रार त्या काळच्या शिक्षकांस नवी नव्हती. डिसेंबर १९७७ मध्यें राज्य कर्मचाऱ्यांनीं केंद्राच्या दरानें महागाईभत्ता मिळावा म्हणून संप पुकारला. तो ५४ दिवस चालला, आणि त्यांत शिक्षकही होते. खासगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा कायदाही १९७७ चाच. तो जुलै १९८१ पासून अंमलांत आला. चौकशीवांचून कायम शिक्षकास काढतां येऊं नये, आणि काढल्यास त्यानें शाळा-न्यायाधिकरणाकडे दाद मागावी, ही तरतूद आम्ही कोणत्याही भत्त्यापेक्षां मोठी मानतों. भत्त्यानें शिक्षकाचें घर चाललें. या तरतुदीनें त्यास वर्गांत खरें बोलण्याचें धैर्य आलें.

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल, कीं संघटनांची ही चढती कमान आहे. तसें नाहीं. २००० सालापासून शिक्षणसेवक ही नवी पायरी निघाली: तीन वर्षें ठराविक मानधन, प्राथमिक शाळेंत महिना ३,००० रुपये. २००१ पासून नव्या शाळांस ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मान्यता मिळूं लागली. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांचें जुनें निवृत्तिवेतन गेलें. ‘कायम’ हा शब्द गळण्यास २००९ उजाडलें, आणि अशा शाळांस २० टक्के अनुदान मिळण्यास २०१६. शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं १६,००० झालें. मधल्या काळांत एकाच गांवांत, एकच पुस्तक शिकविणारे दोन शिक्षक दोन निरनिराळ्या जगांत राहत होते. एकास पूर्ण वेतन, दुसऱ्यास संस्था देईल तें.

या अन्यायाविरुद्ध आंदोलनें झालीं, मार्च २०२३ मध्यें निवृत्तिवेतनासाठीं संपही झाला. पण ज्यांचीं पदें सुरक्षित होतीं त्यांनीं प्रारंभींच, २००० सालीं, आपलें सर्व बळ नव्यांच्या पाठीशीं उभें केलें काय? आम्ही स्वतः २००५ पूर्वीं नेमणूक झालेल्यांपैकीं आहों. हा प्रश्न आम्हांस सुखानें झोंपूं देत नाहीं. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकीं ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, पण त्यांत प्राथमिक शिक्षकास मत नाहीं. ज्याच्या वेतनाची चर्चा १८८२ सालीं झाली, तोच आज दाराबाहेर आहे. नगर जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांची स्वतःची सहकारी बँक आहे, आणि तिच्या निवडणुकींत संघटनांचे गट हिरीरीनें झुंजतात. ही हिरीर शाळेच्या गळक्या छपरासाठीं तितकीच दिसावी, असें म्हणणारा पालक शिक्षकांचा शत्रु नव्हे.

संपानें मुलांचें नुकसान होतें, हाही आक्षेप खोटा नाहीं. परंतु शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामें शिक्षकावर लादूं नयेत असें ठरविलें, त्याचा आग्रह संघटनेनें धरला तर वाचणारा प्रत्येक तास मुलांचाच असतो. जी मागणी मान्य झाल्यावर वर्गांतील मुलाच्या पदरीं कांहीं पडतें, तिच्यामागें समाज उभा राहतो. जी केवळ आधीं पोहोंचलेल्यांच्या सोईची असते, ती एकाकी पडते.

कालव्याच्या मुलखांतील जाणता शेतकरी पाटाची परीक्षा मुखाशीं करीत नाहीं. शेवटच्या शेतांत पाणी पोहोंचलें कीं नाहीं, हें तो पाहतो. शिक्षक-संघटनांची परीक्षाही तेथेंच व्हावी. त्यांनीं मिळविलेला पैसा व अभय सर्वांत अलीकडे नेमलेल्या, सर्वांत लहान शाळेंतील शिक्षकापर्यंत पोहोंचेल, तेव्हांच १८८२ ची मागणी पुरी झाली असें आम्ही म्हणूं.