‘काम चालू आहे’ : छोट्या वेबसाइट्सचा इतिहास कसा वाचायचा?

वेब डिझाइनचा इतिहास म्हटलं की ठरावीक नावं पुढे येतात. टिम बर्नर्स-ली, नेटस्केप, मग गूगल. पण 1995 ते 2010 या काळात फुलांच्या दुकानाची, लग्नाचे फोटो काढणाऱ्याची, गावातल्या बँडची, नाहीतर स्वतःच्या मांजरांबद्दलची साइट कोणी केली? कोणत्या साधनाने केली? यातल्या बहुतेकांना ना पुरस्कार मिळाले, ना त्यांची नावं पुस्तकांत आली. मग त्यांचा इतिहास लिहायचा कसा? संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा साधनचिकित्सेचा चांगला धडा आहे, म्हणून आज त्यावर.

आधी साठा कुठे आहे ते बघू

जिओसिटीज 1994 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. कल्पना साधी होती: फुकट जागा घ्या आणि आपलं पान टाका. जागा मिळायची ती ‘वस्ती’मध्ये. संगणकवाल्यांसाठी सिलिकॉन व्हॅली, विज्ञानकथावाल्यांसाठी एरिया 51, घरगुती विषयांसाठी हार्टलँड. पानाला चक्क घरासारखा क्रमांक असायचा. जानेवारी 1999 मध्ये याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घ्यायचं जाहीर केलं आणि 26 ऑक्टोबर 2009 ला अमेरिकेतली सेवा बंद केली.

बंद होण्याआधी ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने जमतील तेवढी पानं उतरवून घेतली. त्या साठ्यावर ओलिया लिआलिना आणि ड्रागान एस्पेनशीड या कलाकार-संशोधकांनी अनेक वर्षं काम केलं. इयन मिलिगन या कॅनडातल्या इतिहासकाराने जिओसिटीजची पानं इतिहासाचं साधन म्हणून वापरली. लिआलिना यांनी तर 2005 मध्येच एका निबंधात या हौशी शैलीला वेबच्या बोलीचा दर्जा दिला होता. चांदण्यांची पार्श्वभूमी, ‘स्वागत असो’, फावडं चालवणारा ‘काम चालू आहे’वाला माणूस, ही सगळी त्या बोलीतली शब्दसंपदा. प्रमाणभाषेच्या मापाने बोलीला ‘अशुद्ध’ म्हणण्यात जी गडबड आहे, तीच या पानांना ‘बेढब’ म्हणण्यात आहे.

पान बघू नका, कोड वाचा

बहुतेक जण पानाचा स्क्रीनशॉट घेतात आणि रंग, चित्रं, मांडणी यावर लिहितात. तेवढं पुरत नाही. पानाचा मूळ कोड उघडा. वरच्या भागात अनेकदा ‘जनरेटर’ नावाची ओळ असते. तिथे ‘फ्रंटपेज’ दिसलं, तर पान मायक्रोसॉफ्टच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालंय. जावास्क्रिप्टमध्ये ‘एमएम’ने सुरू होणारी नावं दिसली, तर तो मॅक्रोमीडियाच्या ड्रीमवीव्हरचा ठसा. नंतरच्या काळात वर्डप्रेसही अशीच आपली सही सोडून जातं.

याचा उपयोग काय? तर, ‘डिझायनरची आवड’ म्हणून आपण जे लिहिणार असतो, ते कित्येकदा सॉफ्टवेअरने दिलेला तयार साचा निघतो. दोन शहरांतली दोन दुकानं सारखी दिसतात म्हणून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं होत नाही. दोघांकडे एकच फ्रंटपेज असू शकतं.

दुसरा सापळा म्हणजे शोधाचं वर्ष. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर 1996 ची. म्हणून 1997 पासून मांडणी सीएसएसने होऊ लागली असं लिहिलंत, तर गाइड लगेच अडवतील. ब्राउझर सीएसएस वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवायचे. गिऱ्हाइकाला मात्र साइट सगळीकडे सारखी हवी असायची. त्यामुळे छोटी कामं घेणारे पुढची कित्येक वर्षं टेबलच्या चौकटीच वापरत राहिले, आणि चौकटी सरकू नयेत म्हणून मध्ये एक पिक्सेलची अदृश्य चित्रं ठेवत राहिले. सीएसएसने काय काय करता येतं हे दाखवणारं ‘सीएसएस झेन गार्डन’ 2003 चं आहे. तंत्र निघाल्याची तारीख आणि ते रुळल्याची तारीख, दोन्ही वेगळ्या मांडा. धंद्यातलं खरं गणित या मधल्या काळातच दिसतं.

जतन प्रतीवरची तारीख

वेबॅक मशीनमध्ये वर दिसणारी तारीख ही पान टिपल्याची तारीख. ते केलं कधी, हे ती सांगत नाही. शिवाय त्या पानातली चित्रं वेगळ्या दिवशी टिपलेली असू शकतात. म्हणजे डोळ्यांसमोरचं पान त्या रूपात कधीच कोणी पाहिलेलं नसेल, असंही होतं. छोट्या व्यवसायांच्या बाबतीत आणखी एक भानगड: नूतनीकरण राहिलं की डोमेन जातं आणि त्याच पत्त्यावर भलतंच कोणी येऊन बसतं. पत्ता तोच म्हणून मालक तोच, असं धरू नका.

आणि मराठी पानं?

इथे मामला गंभीर होतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट फाँटच्या युक्तीवर चालायच्या. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलमध्ये साठवलेला असायचा एखाद्या रोमन अक्षराचा संकेत. वाचकाने शिवाजी, किरण असे फाँट उतरवून घ्यायचे, नाहीतर पानाबरोबर डायनॅमिक फाँट यायचा. आज तो फाँट नसेल तर जतन प्रतीत नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर तिथेच असतो, किल्ली हरवलेली असते.

परिणाम बघा. साठ्यात देवनागरी शब्द टाकून शोध घेतलात तर ही पानं येणारच नाहीत. मग ‘त्या काळात मराठीत छोट्या व्यवसायांच्या साइट जवळपास नव्हत्या’ असा निष्कर्ष सहज निघेल, आणि तो पुराव्यावर आधारलेला वाटेल. खरं तर ते आपल्या शोधपद्धतीचं आंधळेपण असेल. इथेही उत्तर कोडमध्येच आहे: फाँटचं नाव बहुतेकदा लिहिलेलं असतं. ते मिळालं की योग्य परिवर्तक वापरून मजकूर वाचता येतो.

तुमच्या आराखड्यासाठी

विषय लहान घ्या. एक शहर, एक व्यवसाय, पाच वर्षं. प्रत्येक पानासाठी तीन रकाने करा: काय दिसतं, कोड काय सांगतो, काय गायब आहे. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका, प्रबंधातला युक्तिवाद बऱ्याचदा तिथेच सापडतो.

खासगी पानांबाबत एक पथ्य पाळा. जिओसिटीजमध्ये ‘एन्चँटेड फॉरेस्ट’ ही मुलांची वस्ती होती. पान सार्वजनिक होतं म्हणजे वीस वर्षांनी आपण त्यातलं नाव प्रबंधात छापावं, असं नाही.

शेवटचं आणि तातडीचं. 2000 च्या आसपास पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, पणजीत अशी कामं केलेली माणसं आज भेटू शकतात. त्यांच्या कपाटात सीडी असतील, जुनी बिलं असतील, गिऱ्हाइकाने ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणून पाठवलेले निरोप असतील. हे कुठल्याही वेब-साठ्यात नाही. सीडी खराब होतात आणि बिलं रद्दीत जातात. म्हणून वाचनाची यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता, आधी दोन मुलाखती ठरवा.