फ्लोअरिंगचे कोटेशन आणि बेसबोर्डचा हिशोब



घर घेतले की पहिल्या दोन-तीन वर्षांत कार्पेट काढून लाकडी फ्लोअरिंग करायचा विचार बहुतेक घरांत होतोच. कुणाला ऍलर्जी असते, कुणाचे आई-बाबा येणार असतात, कुणाला पाडव्याला पाट-रांगोळी नीट मांडायची असते. आमच्याकडे ही तिन्ही कारणे होती. मी तीन कोटेशन मागवली, इंजिनियरच्या सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी मांडली आणि स्क्वेअर फुटाला सर्वात कमी दर असलेल्या माणसाला काम दिले.

काम संपत आल्यावर लक्षात आले की भिंतीच्या कडेचे जुने बेसबोर्ड गॅरेजमध्ये मोडून पडले आहेत आणि नवे कुणाच्याच यादीत नाहीत. काम करायला आलेला माणस सबकॉन्ट्रॅक्टर होता. तो शांतपणे म्हणाला, "मला फक्त स्क्वेअर फुटाचे पैसे मिळतात, ट्रिम माझ्या कागदात नाही." त्याचेही खरे होते. शेवटी स्वस्त वाटलेले काम तिघांत सर्वात महाग पडले. फोनवर हे ऐकून बाबा म्हणाले, "अरे, स्कर्टिंगचा भाव वेगळा असतो, हे आपला पुण्याचा फरशीवालासुद्धा आधी सांगतो!"

तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी शब्द समजून घेऊ

*बेसबोर्ड:* भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर बसणारी उभी पट्टी, म्हणजे आपल्याकडचे स्कर्टिंग. साधारण सव्वातीन किंवा सव्वापाच इंच उंचीची पट्टी जास्त दिसते.

*क्वार्टर राउंड आणि शू:* बेसबोर्डच्या पायथ्याशी लागणारी बारीक पट्टी. क्वार्टर राउंड पाऊण इंच उंच आणि पाऊण इंच जाड असते. शू तितकीच उंच पण अर्धा इंच जाड, त्यामुळे दिसायला नाजूक.

*केसिंग:* दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी. फ्लोअरिंग तिच्याखाली सरकवण्यासाठी ती खालून थोडी कापावी लागते.

*ट्रान्झिशन:* दोन प्रकारच्या जमिनी भेटतात तिथली पट्टी. दोन्ही एका पातळीत असतील तर टी-मोल्डिंग, एक उंच असेल तर रिड्यूसर, जिन्याच्या कडेला स्टेअर नोज. यांचा दर बहुधा नगावर असतो.

ही पट्टी लागतेच कशाला?

लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि थंडीत हीटर सुरू झाला की आक्रसते. म्हणून फ्लोअरिंग भिंतीला चिकटवून बसवत नाहीत. लॅमिनेटला साधारण पाव ते अर्धा इंच आणि पाऊण इंची सॉलिड हार्डवुडला साधारण पाऊण इंच फट ठेवतात. (नेमका आकडा त्या मालाच्या सूचनापत्रात असतो.) ती फट झाकणे हे ट्रिमचे काम. लॅमिनेटसारखी जमीन 'तरंगती' असेल तर पट्टीचा खिळा भिंतीत किंवा बेसबोर्डमध्ये जायला हवा, जमिनीत नाही. नाहीतर जमीन अडकते आणि पुढे फुगवटा येतो.

दर रनिंग फुटावर का?

जमीन क्षेत्रफळावर मोजतात, पट्टी लांबीवर. १० × १२ फुटांची खोली १२० स्क्वेअर फूट, परीघ ४४ फूट. ४ × ३० फुटांचा पॅसेजही १२० स्क्वेअर फूटच, पण परीघ ६८ फूट! शिवाय पॅसेजला पाच-सहा दारे, म्हणजे तितके जास्त काप. म्हणून "ट्रिम स्क्वेअर फुटातच धरली आहे" असे कुणी म्हणाले तर नेमकी कोणती आणि किती फूट, ते विचारा.

मोजायचे कसे?

समजा खोली १२ × १५ फूट आहे. परीघ ५४ फूट. त्यातून दार ३ फूट आणि क्लॉझेटचे तोंड ५ फूट वजा केले की ४६ राहतात. क्लॉझेट आतून ६ फूट रुंद आणि २ फूट खोल असेल तर आतल्या तीन भिंतींचे १० फूट आणि पुढच्या दोन अर्ध्या-अर्ध्या फुटी बाजू मिळून ११ फूट वाढतात. एकूण ५७ फूट. कापण्यात वाया जाणारे १० टक्के धरले की सुमारे ६३. म्हणजे १६ फुटी चार पट्ट्या. क्लॉझेटचे आतले फूट मालक नेहमी विसरतो, कॉन्ट्रॅक्टर कधीच विसरत नाही.

कॉन्ट्रॅक्टर दर कसा काढतो?

खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी माझे मी धरलेले आहेत. तुमच्या गावातले दर वेगळे असतील.

समजा कारागिराचा पगार, त्यावरचे कर आणि विमा मिळून तासाला ४५ डॉलर खर्च येतो आणि तो आठ तासांत १५० फूट मापून, कापून, ठोकून होतो. ३६० डॉलर भागिले १५०, म्हणजे फुटाला २.४०. त्यावर व्हॅन, हत्यारे, ऑफिस, एस्टिमेटसाठी मारलेल्या फुकट चकरा यांचे ६० सेंट आणि नफा ५० सेंट. दर झाला ३.५० डॉलर.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, कोपरे वाढले की दर वाढणारच, कारण दिवसाला १५० ऐवजी १०० फूटच होतात. बाहेरचा कोपरा ४५ अंशांत कापतात. आतल्या कोपऱ्यात चांगला सुतार एका पट्टीचे टोक दुसरीच्या नक्षीप्रमाणे कोरून बसवतो. त्याला वेळ लागतो, पण सांधा उघडत नाही. दुसरी, बाथरूममधल्या १२ फुटांसाठी ४२ डॉलरला कुणी येणार नाही. तिथे किमान आकार लागतो आणि तो रास्तच आहे.

एका घराचा नमुना हिशोब

तळमजल्यावर ३२० फूट काम आहे असे समजू.

नवे बेसबोर्ड:
१. माल, १० टक्के जादा धरून ३५२ फूट, १.५० दराने: ५२८ डॉलर
२. बसवणे, ३२० फूट, ३.५० दराने: १,१२०
३. जुने काढून फेकणे, ०.७५ दराने: २४०
४. खिळ्यांची भोके पुट्टीने भरणे आणि कडेला कॉकिंग, ०.७५ दराने: २४०
५. चार टी-मोल्डिंग, ४० दराने: १६०
एकूण: २,२८८ डॉलर, रंग वेगळा.

जुने बेसबोर्ड तसेच ठेवून फक्त क्वार्टर राउंड:
१. माल ३५२ फूट, ०.६० दराने: २११.२०
२. बसवणे ३२० फूट, १.५० दराने: ४८०
३. टी-मोल्डिंग: १६०
एकूण: ८५१.२० डॉलर.

दोन्हींना कोटेशनमध्ये "ट्रिम इन्क्लूडेड" असेच लिहिता येते! फरक १,४३६.८० डॉलरचा. तिसरा मार्गही आहे: जुने बेसबोर्ड जपून काढून परत लावणे. माल वाचतो, पण मजुरी दोनदा लागते आणि एमडीएफची जुनी पट्टी काढताना बऱ्याचदा तुटते. तुटली तर भरपाई कुणाची, ते आधी ठरवा.

माल कोणता?

एमडीएफ स्वस्त आणि सरळ, पण पाणी लागले की फुगते. बाथरूममध्ये आणि डिशवॉशरजवळ पीव्हीसी बरे. प्रायमर मारलेले, तुकडे जोडून केलेले पाइन मधल्या दराचे आणि ठोकायला चांगले. ओकसारखे लाकूड महाग. पॉलिश दिसायचे असेल तरच घ्या, पांढरा रंगच द्यायचा असेल तर पैसे वाया.

१९७८ पूर्वीचे घर असेल तर

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात जुने बेसबोर्ड उखडताना शिशाची धूळ उडू शकते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. एप्रिल २०१० पासून, अशा घरात एका खोलीत ६ स्क्वेअर फुटांपेक्षा जास्त रंगीत पृष्ठभाग छेडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे ईपीएचे प्रमाणपत्र लागते. वरच्या ५७ फुटी खोलीतली सव्वातीन इंची पट्टी म्हणजे सुमारे १५ स्क्वेअर फूट. तेव्हा "आम्ही काय, फक्त बेसबोर्डच काढतो" हे उत्तर चालणार नाही. प्लास्टिक अंथरणे आणि साफसफाई यांचा जादा आकार असेल तर तो आनंदाने द्या. घरात रांगते मूल असेल तर इथे घासाघीस नको.

सही करण्यापूर्वी हे लिहून घ्या

१. पट्टीचा प्रकार, उंची, माल आणि एकूण फूट.
२. जुनी काढणे, फेकणे, पुट्टी, कॉकिंग, रंग: प्रत्येक काम कुणाचे? फ्लोअरिंगवाला आणि रंगारी एकमेकांकडे बोट दाखवतात ती जागा हीच.
३. ट्रान्झिशन किती नग आणि कोणत्या रंगाचे.
४. दारे खालून कापावी लागली तर दर काय.
५. विम्याचा आणि लायसन्सचा पुरावा.
६. पैसे टप्प्याटप्प्याने. कॅलिफोर्नियात घरकामाची आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही.
७. शेवटचा चेक देताना लियन वेव्हर. कॉन्ट्रॅक्टरने सबकॉन्ट्रॅक्टरचे किंवा दुकानदाराचे पैसे बुडवले तर तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असूनही ते तुमच्या घरावर दावा लावू शकतात.

आपल्याला हे सगळे विचारायला संकोच वाटतो. त्यातून ओळखीतल्या कुणी नाव सुचवले असेल तर जास्तच. पण माझा अनुभव असा की चांगला कारागीर अशा प्रश्नांनी नाराज होत नाही. उलट त्याचे काम कागदावर आले की त्याचे पैसेही बुडत नाहीत. आमच्याकडे आलेल्या त्या सबकॉन्ट्रॅक्टरलाच मी पुढे बेसबोर्डचे काम वेगळे दिले, फुटांचा हिशोब दोघांनी मिळून मांडला आणि सही केली. आतले सगळे कोपरे त्याने कोरून बसवले. दोन हिवाळे झाले, एकही सांधा उघडलेला नाही.

तेव्हा मंडळी, कोटेशन हातात आले की आधी टेप घेऊन घराला एक प्रदक्षिणा घाला. क्लॉझेट विसरू नका!