‘बारा फुटी’ वाघ खरंच होता का? शिकारीतल्या प्राण्यांचं माप कसं घेतलं जायचं?

ब्रिटिश काळातले शिकारीचे फोटो अधूनमधून व्हायरल होतात. हातात बंदूक घेतलेला साहेब, पुढ्यात पडलेला वाघ आणि खाली मजकूर : ‘बारा फुटी वाघ!’ पण हे फूट मोजले कसे, हे कुणीच सांगत नाही.

त्या काळी वाघ मोजायच्या दोन पद्धती होत्या.

१. खुंट्यांमधलं माप : वाघ सरळ आडवा ठेवायचा. नाकाच्या टोकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची. मग वाघ बाजूला करून दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजायचं.

२. अंगावरून माप : टेप नाकापासून डोकं, मान, पाठ अशा चढउतारांवरून शेपटीपर्यंत न्यायची. यात तोच वाघ काही इंचांनी लांब भरतो.

जिम कॉर्बेट यांनी मारलेला प्रसिद्ध ‘पवलगढचा बॅचलर’ १० फूट ७ इंच होता, पण ते माप अंगावरून घेतलेलं होतं. म्हणूनच दोन वाघांची तुलना करताना पद्धत एकच हवी. कातड्याचं माप तर धरूच नये, कारण ते ताणलं जातं.

आणखी एक गोष्ट म्हणजे या लांबीत शेपूटही येते. मोठ्या नराची शेपूट साधारण तीन फूट असते. म्हणजे दहा फुटी वाघाचं धड-डोकं सातेक फुटांचंच!

मग सगळ्यात मोठा प्राणी कोणता?

वजन पाहिलं तर चित्र बदलतं. पूर्ण वाढलेला नर वाघ साधारण १८० ते २६० किलोचा असतो. मोठा नर सांबर त्याच्या बरोबरीला येतो किंवा पुढेही जातो. नर गवा मात्र ७०० ते १००० किलोपर्यंत जातो. शिवाय वाघ एका बैठकीत ३० किलोच्या आसपास मांस खाऊ शकतो, त्यामुळे भरल्या पोटी केलेलं वजन फसवं ठरतं.

शिंगांच्या प्राण्यांत शिकाऱ्यांचं लक्ष शिंगांवर असे. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ पासून अशा विक्रमांची यादीच छापली.

फोटोवर विश्वास ठेवावा का?

नाही. प्राणी कॅमेऱ्याजवळ आणि शिकारी थोडा मागे बसला, की प्राणी अवाढव्य दिसतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीवर बंदी आहे. जुने आकडे उरलेत. ते शेअर करण्याआधी एवढंच विचारा : माप खुंट्यांमधलं की अंगावरचं?