रुपयाची हुंडणावळ व भारताचा परदेशी व्यापार (१८७३–१९२७)

दोन देशांच्या चलनांच्या परस्परमूल्याला हुंडणावळ किंवा विनिमय दर म्हणतात. हा दर बदलला, की मालाची मूळ किंमत तीच राहूनही परदेशी ग्राहकाला तो स्वस्त अथवा महाग पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपयाच्या बाबतीत हे ठळकपणे घडून आले.

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया हे ब्रिटिश भारताचे प्रमाण नाणे ठरले. कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे; त्यामुळे रुपयाचे मूल्य चांदीच्या भावाशी बांधलेले होते. इंग्लंडचे चलन मात्र सोन्याचे होते. १८७१–७३ मध्ये जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारले, फ्रान्सादी देशांनी चांदीच्या टंकनावर मर्यादा घातल्या आणि अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पुरवठा वाढला. चांदी उतरू लागली व तिच्यासोबत रुपयाही. पूर्वी सुमारे दोन शिलिंग मिळणाऱ्या रुपयाला १८९२–९३ मध्ये जेमतेम सव्वा शिलिंग मिळू लागला.

व्यापारावरील परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला, तो चीनच्या सुताच्या बाजारात. चीनमध्येही चांदीचेच चलन असल्याने मुंबईचा गिरणीवाला आणि चिनी ग्राहक यांच्यातील हिशेब फारसा बदलला नाही. लँकाशरच्या उत्पादकाला मात्र मजुरी व इतर खर्च सोन्यात द्यावा लागे. २४ पेन्स पदरात पडण्यासाठी जेथे पूर्वी एक रुपयाची चांदी पुरे, तेथे १५ पेन्सच्या दराने १ रुपया ६० पैसे लागत. जाड्याभरड्या सुताची ती बाजारपेठ मुंबईकडे वळली. देशातही विलायती कापड रुपयात महाग पडू लागले. १८८२ मध्ये त्यावरील आयात जकात रद्द झालेली असताना घसरत्या हुंडणावळीने गिरण्यांना काहीसे संरक्षणच दिले.

तथापि या लाभाचे मोजमाप सावधपणे केले पाहिजे. त्याच काळात सोन्याच्या हिशेबात इंग्लंडमधील किंमतीही उतरत होत्या, त्यामुळे रुपयाच्या घसरणीचा काही भाग तेथेच भरून निघाला. गव्हाची निर्यात वाढली. पण तिला १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा, लोहमार्ग आणि १८७३ मध्ये रद्द झालेली निर्यात जकात ही कारणेही होती. शिवाय निर्यातदाराचा नफा कोणाच्या पदरचा, हा प्रश्न उरतोच. भीमराव रामजी आंबेडकर यांनी द प्रॉब्लेम ऑफ द रुपी (१९२३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे किंमतींच्या मानाने मजुरी मागाहून वाढते. म्हणून हा नफा राष्ट्राचा नसून मजुराकडून मालकाकडे गेलेला असतो.

सरकारची अडचण निराळी होती. निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज इ. विलायतेतील देणी पौंडांत फेडावी लागत. १८९२–९३ मध्ये त्यासाठी सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठविण्यास २६ कोटी ४८ लक्ष रुपये लागले. १८७३–७४ च्या दराने १७ कोटी ७५ लक्ष पुरले असते. हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी टंकनास बंद झाल्या व चांदीशी रुपयाचे नाते तुटले.

आता फासे उलटे पडले. चीन चांदीवरच राहिला. रुपया त्या मानाने महागला व १८९३–९४ मध्ये सुताच्या निर्यातीला धक्का बसला. जपानही १८९७ पर्यंत चांदीवर असल्याने तेथील सुताला सवलत मिळाली. निर्यात नंतर सावरली. पुढे जपानने मिळविलेली आघाडी केवळ हुंडणावळीमुळे नव्हती, जकातींतील सवलती आणि १८९६ ची मुंबईतील प्लेग ही कारणेही विसरता येत नाहीत. शेतकऱ्याची हानी अधिक मूक होती. त्याची बचत दागिन्यांच्या रूपाने चांदीत असे. टांकसाळ बंद झाल्यावर त्या चांदीचे रुपये पाडून घेता येईनात व दुष्काळात मोडीला काढताना तिची किंमत घटलेली आढळे. दादाभाई नौरोजी यांनी टांकसाळी बंद करण्यास विरोध केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात, सरकारी शिल्लक ही बव्हंशी १३ पेन्सवरून १६ पेन्सवर चढलेल्या रुपयाची किमया आहे, हे आकड्यांनिशी मांडले.

१८९९ मध्ये एका सुवर्ण पौंडास १५ रुपये, म्हणजे रुपयास १६ पेन्स, हा दर कायद्याने मान्य झाला व पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. युद्धकाळात चांदी भडकली. १९२० मध्ये रुपया दोन सुवर्ण शिलिंगांवर नेण्याचा प्रयत्न निर्यात कोसळत असताना झाला व काही महिन्यांतच सोडून द्यावा लागला. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ पेन्सचा दर सुचविला. सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली. महाग रुपयाने आयात मालाला अप्रत्यक्ष सूट मिळेल आणि शेतकऱ्याला निर्यात मालाचे रुपये कमी मिळतील, असा १६ पेन्सवाल्यांचा आक्षेप होता. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच कायम झाले व पौंडाशी असलेले ते प्रमाण जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत चालू राहिले.