रक्तद्रव प्रथिने : विभाजन व मापन

दात्याच्या रक्तातून कोशिका वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या रक्तद्रवात दर १०० मिलि.मध्ये सु. ६ ते ८ ग्रॅ. प्रथिने असतात. अल्ब्युमीन, विविध ग्लोब्युलिने आणि रक्तक्लथनास (रक्त गोठण्यास) आवश्यक असणारे फायब्रिनोजेन व इतर घटक ही त्यांतील प्रमुख होत. रक्ताधानासाठी ही प्रथिने अलग करून मोजण्याच्या तंत्राचा विकास मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर झाला.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन-मापनाची पद्धत शोधून काढली. प्रथिनांत सु. १६ टक्के नायट्रोजन असल्याने मिळालेल्या आकड्यास ६·२५ ने गुणून एकूण प्रथिनांचे प्रमाण काढता येई; परंतु कोणते प्रथिन किती आहे, हे त्यावरून कळत नसे. ही उणीव स्वीडिश शास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी भरून काढली. विद्युत् क्षेत्रात निरनिराळी प्रथिने भिन्न वेगांनी सरकतात, या तत्त्वावर आधारलेल्या उपकरणाने त्यांनी १९३७ मध्ये रक्तरसातील ग्लोब्युलिनांचे आल्फा, बीटा व गॅमा हे गट वेगळे दाखविले. या संशोधनाबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

युद्धभूमीवर संपूर्ण रक्त फार दिवस टिकत नसे. म्हणून हार्व्हर्ड विद्यापीठातील एडविन कोन (१८९२–१९५३) यांनी १९४० पासून रक्तद्रवाच्या विभाजनाचे काम हाती घेतले. अल्कोहॉलाचे प्रमाण, अम्लता, लवणांचे प्रमाण, तापमान व प्रथिनांची संहती या पाच गोष्टी नियंत्रित करून त्यांनी थंड अल्कोहॉलाने प्रथिने क्रमाक्रमाने अवक्षेपित केली. प्रत्येक अंशाची शुद्धता विद्युत् संचारणाने तपासली जाई. पाचव्या अंशातील अल्ब्युमिनाचा २५ टक्के विद्राव इतका प्रभावी होता की, त्याचे १०० मिलि. हे सु. ५०० मिलि. रक्तद्रवाचे काम करीत. डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यात भाजलेल्यांवर त्याचा उपयोग करण्यात आला. गुरांच्या रक्तापासून अल्ब्युमीन मिळविण्याचा प्रयत्न मात्र फसला. अमेरिकेतील एका तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या चाचण्यांत काहींना तीव्र प्रतिक्रिया होऊन एक कैदी दगावला. रासायनिक शुद्धता म्हणजे जैव निर्धोकता नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

रक्तक्लथनाच्या घटकांबाबत वजनापेक्षा क्रियाशीलता महत्त्वाची असते. ४° से. तापमानास साठविलेल्या रक्तात आठव्या घटकाची क्रियाशीलता लवकर घटते, जरी एकूण प्रथिनांत लक्षणीय फरक पडत नाही. त्यामुळे १ मिलि. ताज्या प्राकृत रक्तद्रवातील क्रियाशीलता हे एक एकक मानण्यात येते. गोठविलेला रक्तद्रव थंड तापमानात सावकाश वितळविल्यास उरणाऱ्या साक्यात हा घटक एकवटतो, असे ज्यूडिथ पूल यांनी १९६४ मध्ये दाखविले. या शीत-अवक्षेपामुळे हीमोफिलियाच्या रुग्णांचे उपचार साध्या रक्तपेढीतही शक्य झाले. अमेरिकेतील मानकानुसार एका पिशवीत या घटकाची किमान ८० एकके असावी लागतात.

पुढे हजारो दात्यांच्या एकत्रित रक्तद्रवापासून बनविलेली संहत औषधे प्रचारात आली. त्यांतील घटकाचे मापन अचूक असले, तरी त्यांत लपलेले विषाणू त्या मापनात दिसत नसत. परिणामी १९८० नंतरच्या दशकात अनेक हीमोफिलिया रुग्णांना एड्‌सच्या विषाणूची बाधा झाली. याउलट, ६०° से. तापमानास दहा तास तापविलेले अल्ब्युमीन या दृष्टीने सुरक्षित ठरले. तेव्हापासून प्रथिनांच्या मापनाबरोबरच दात्यांची चाचणी व विषाणूंचे निष्क्रियीकरण हेही अशा उत्पादनांच्या गुणनियंत्रणाचे अनिवार्य अंग बनले आहे.