राज्ये बदलली, बिंदू राहिले

१ नोव्हेंबर १९५६ या तारखेचे महत्त्व हैदराबादच्या मराठी घरांत वेगळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसुरात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. आपली घरे जिथल्या तिथे राहिली. सोयरेधायरे मात्र एका रात्रीत परराज्यातले झाले.

त्याच दिवशी विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि सिरोंज राजस्थानातून मध्य प्रदेशात. बीदर, वऱ्हाड, हिंगणघाट आणि सिरोंज यांची नावे एका दमात घेण्याचे कारण असे की, हिंदुस्थानच्या शास्त्रीय नकाशाचा कणा याच मुलखातून गेला आहे.

हे काम विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. रीत शाळेतल्या भूमितीचीच. जमिनीवर एक सरळ रेषा काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे होणारे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे जायचे.

सांगायला सोपे, करायला महाकठीण. कोन मोजणारा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा. तो टेकड्यांवर चढवायचा. शंभर फुटी पोलादी साखळी उन्हाने लांबते, म्हणून शेजारी तापमापक ठेवून प्रत्येक मापाचा हिशेब करायचा. पावसाळ्यात हवा स्वच्छ, दूरचे स्पष्ट दिसते, म्हणून काम पावसाळ्यात; आणि जंगलातला हिवताप नेमका तेव्हाच. चूक त्रिकोणागणिक वाढत जाऊ नये म्हणून काही शे मैलांवर नवी आधाररेषा जमिनीवर मोजून गणिताशी ताळा घ्यायचा.

अशी एक आधाररेषा १८१५ मध्ये बीदरजवळ मोजली गेली. लॅम्ब्टनचा मुक्काम पुढे हैदराबादला होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली, त्याच वर्षी या मोजणीला ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून नेमला गेला. १८२२ मध्ये वऱ्हाडात टाकळखेड्याची आधाररेषा झाली. पुढे हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

काम थांबले नाही. एव्हरेस्टने १८२४-२५ मध्ये सिरोंजची आधाररेषा मोजली. आजारपणामुळे तो विलायतेला गेला, आणि १८३० मध्ये परतला तो नवी साधने घेऊन. त्यांत पितळ आणि लोखंड यांची जोड अशी केली होती की, उष्णतेने धातू वाढले तरी माप बदलू नये. त्यांनी सिरोंजची रेषा पुन्हा मोजली, आणि १८४१ मध्ये ॲन्ड्र्यू वॉने बीदरचीही. मधले अंतर चारशे मैलांहून अधिक. तरी सिरोंजहून गणिताने काढलेली बीदरच्या रेषेची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक आला अवघ्या काही इंचांचा.

सिरोंजजवळची कल्याणपूरची टेकडी हा या साऱ्या हिशेबाचा मूळ बिंदू ठरला. अक्षांश २४ अंश ७ मिनिटे, रेखांश ७७ अंश ३९ मिनिटे. शंभर वर्षांहून अधिक काळ भारताच्या नकाशांवरची ठिकाणे या टेकडीपासून मोजली गेली.

हे सारे लोककल्याणासाठी झाले असे नाही. फौजेला रस्ते हवे होते, सरकारला मुलूख मुठीत हवा होता. आणि श्रेयाची वाटणीही सरळ नव्हती. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. उपकरणांची नाजूक दुरुस्ती करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन आणि गणिती राधानाथ सिकदर यांची नावे निदान कागदोपत्री उरली. थिओडोलाइट वाहणारे, झाडे तोडून दृष्टी मोकळी करणारे, रात्री टेकडीवर दिवे धरून बसणारे खलाशी आणि निशाणवाले मात्र बहुतेक निनावीच गेले. त्यांत तेलुगू, कानडी, मराठी, हिंदुस्थानी बोलणाऱ्या मुलखांतून वाट काढणारी माणसे होती. कोणत्या डोंगराला काय म्हणतात, हे साहेबाला कुणीतरी स्थानिक माणसानेच सांगितले असणार.

सीमा माणसे आखतात आणि माणसेच पुसतात. टेकडीचा अक्षांश कोणत्याही ठरावाने बदलत नाही. दोन-तीन राज्यांत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांना हे समजायला जड जाऊ नये. आपले स्थानही राज्याच्या नावावरून नव्हे, एकमेकांशी राखलेल्या अंतरावरून ठरते. आणि ते अधूनमधून पुन्हा मोजावे लागते. हैदराबादहून नागपूरकडे जाताना रेल्वेत हिंगणघाट लागते. तिथे गाडी थांबली की मुलांना हा त्रिकोणांचा हिशेब जरूर सांगावा.